बासच्या आमिषाला कॅटफिश लागला तर

क्रँकबेट (छोट्या माशाच्या आकाराचं नकली आमिष) तळ घासत येत असतो आणि मध्येच गच्चकन अडकतो. दगडात गेला असेल म्हणून रॉड उचलावा, तर दगड चालायला लागतो. उडी नाही, पाण्यावर खळबळ नाही. खालच्या खाली जड ओढ, आणि मधूनमधून रॉडच्या मुठीपर्यंत पोचणारे धक्के. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर आणि जलाशयांवर बास माशासाठी गळ टाकणाऱ्या नवख्या माणसाला कॅटफिश हा पाहुणा लवकरच भेटतो. गडबड बहुतेक दोन ठिकाणी होते. पहिल्या दहा सेकंदांत ड्रॅग (मासा जोरात ओढेल तेव्हा लाईन सुटू देणारा रीलचा ब्रेक) घट्ट असल्यामुळे लाईन तुटते, नाहीतर शेवटच्या अर्ध्या मिनिटात मासा चुकीचा धरल्यामुळे त्याचा काटा हातात जातो. दोन्हींची तयारी गळ पाण्यात पडण्याआधी करायची असते.

पाण्याखाली कोण आहे

बास म्हणजे इथे लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. खवलेवाले, मुख्यतः नजरेनं शिकार करणारे मासे. कॅटफिशला खवले नसतात. अंग बुळबुळीत, तोंडाभोवती आठ मिशा, आणि शेपटीच्या थोडा अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर. बासच्या गळाला येणारे कॅटफिश साधारण चार प्रकारचे असतात.

चॅनल कॅटफिश सगळ्यात जास्त भेटतो. शेपटी खोल दुभंगलेली, लहान माशाच्या अंगावर काळे ठिपके. ब्लू कॅटफिशची शेपटीही दुभंगलेलीच, म्हणून दोघांची गल्लत होते. ठिपक्यांवर विसंबू नका, वय वाढलं की चॅनलचे ठिपके पुसट होतात आणि विणीच्या दिवसांत नर इतका गडद होतो की नवखा माणूस त्याला खुशाल ‘ब्लू’ म्हणून मोकळा होतो. पोटाखालचा मागचा लांब पर बघा. त्याची कड गोलाकार असेल तर चॅनल, पट्टीनं आखल्यासारखी सरळ असेल तर ब्लू. मोजायचंच ठरवलं तर ब्लूच्या या परात साधारणपणे 30 किंवा त्याहून जास्त काड्या असतात. फ्लॅटहेडचं डोकं चपटं, खालचा जबडा पुढे आलेला आणि शेपटी जवळजवळ सरळ. तो प्रामुख्यानं जिवंत मासे खातो, त्यामुळे जिग (वजनदार डोक्याचा गळ) आणि स्विमबेटवर (माशासारखं पोहणारं नकली आमिष) तोच येण्याची शक्यता जास्त. बुलहेड छोटा आणि चौकोनी शेपटीचा. लढत काही देत नाही, काटे मात्र चांगलेच टोचतो.

हा फरक फक्त हौसेचा नाही. कुठला मासा किती ठेवता येतो याचे नियम राज्यानुसार आणि प्रकारानुसार वेगळे असतात.

आकाराची कल्पना यावी म्हणून नोंदलेले विक्रम बघा. लार्जमाउथ बासचा विक्रम 22 पौंड 4 औंस, म्हणजे सुमारे 10 किलो. तो 1932 साली जॉर्जियात झाला आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. चॅनल कॅटफिशचा विक्रम 58 पौंडांचा (साउथ कॅरोलायना, 1964), फ्लॅटहेडचा 123 पौंडांचा (कॅन्सस, 1998) आणि ब्लूचा 143 पौंडांचा (व्हर्जिनिया, 2011). तुमच्या गळाला असलं धूड लागणार नाही. पण चार-पाच किलोचा कॅटफिश ही अगदी रोजची गोष्ट आहे आणि चार-पाच किलोचा बास ही आयुष्यभर सांगायची. रॉड तुम्ही दुसऱ्याच्या मापाचा आणलेला असतो, अडचण तिथे आहे.

नकली आमिष तो घेतोच कसा

कॅटफिश म्हणजे तळातली घाण खाणारा, त्याला कोंबडीची काळिजं नाहीतर कुजकं आमिषच लागतं, हा समज अर्धवट आहे. त्याच्या चवीच्या गाठी तोंडापुरत्या नसतात. मिशांवर आणि सगळ्या कातडीवर पसरलेल्या असतात. ऐकूही त्याला चांगलं येतं, कारण हवेच्या पिशवीतली कंपनं कानापर्यंत नेणारी छोट्या हाडांची साखळी त्याच्याकडे आहे. बासकडे ती नाही. म्हणून गढूळ पाण्यात, जिथे बासला समोरचं दिसत नाही, तिथे खुळखुळणारा लिपलेस क्रँकबेट कॅटफिशला लांबून कळतो.

तो हमखास येतो अशा वेळा ठरलेल्या आहेत. मोठ्या पावसानंतर लाल झालेलं पाणी. संध्याकाळ आणि रात्र. धरणाच्या दरवाजांखालचा प्रवाह, जिथे टर्बाईनमधून अर्धमेले शॅड मासे वाहत येतात. कडाक्याच्या थंडीत शॅड मरून तळाशी जातात तेव्हाही. आमिष तळाला लागून, हळू, थांबत थांबत चाललं असेल, त्यातून त्याला मीठ-लसणाचा वास लावलेला असेल, तर ते बासइतकंच कॅटफिशसाठीही टाकलेलं आहे असं समजा.

विणीचा काळ हे एक वेगळं कारण. बास साधारण 16 ते 21 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अंडी घालतो. त्यानंतर पाणी 24 अंशांपुढे तापू लागलं की चॅनल कॅटफिशची पाळी येते. नर एखाद्या पोकळीत, पोखरलेल्या काठाखाली, बुडालेल्या ओंडक्यात किंवा धरणाच्या दगडी पिचिंगमधल्या फटीत अंड्यांवर पहारा देत बसतो. नेमक्या त्याच दिवसांत बासवाले त्याच पिचिंगच्या कडेनं क्रँकबेट ओढत असतात. तेव्हाचा दंश भुकेचा नसून घुसखोराला हाकलण्याचा असतो. असा नर गळाला आला तर काठाशीच सोडवा आणि तिथेच सोडा. तो दूर गेला की अंडी इतर माशांच्या तोंडी जातात.

घरून निघताना

वेगळा रॉड नको. नेहमीचा मध्यम किंवा मध्यम-जड रॉड आणि 10 ते 15 पौंडांची लाईन पुरते, फक्त ड्रॅग मापून लावलेला हवा. झाडाझुडपांतून बास ओढून काढायला ड्रॅग करकचून आवळायची सवय असते. कॅटफिशपुढे तीच नडते.

ड्रॅग मापायचा तो असा. लाईन रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवा, टोकाला वजनाचा साधा स्प्रिंग काटा बांधा, रॉड 45 अंशांत धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. लाईनच्या ताकदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर रीलनं लाईन सोडायला सुरुवात केली पाहिजे. लाईन 12 पौंडांची, म्हणजे सुमारे साडेपाच किलोची असेल तर काटा 1.4 ते 1.6 किलो दाखवेल तिथे. हातानं ओढून अंदाज घेतलात तर तो बहुतेक चुकतो, कारण हाताची ओढ सरळ असते आणि माशाची वाकलेल्या रॉडमधून येते. ड्रॅग गुळगुळीत सुटतोय की अडकत-अडकत, हेही तेव्हाच कळतं. अडकत असेल तर वॉशर साफ करून घ्या. लाईन तुटते ती बहुधा ड्रॅग सुटण्याआधीच्या त्या अडकण्यातच.

पिशवीत चार वस्तू टाका: लांब चोचीची पक्कड, वायर कापणारी कात्री, रबरी जाळीचा हातझेला आणि रबराचा पकड असलेला एक हातमोजा. झेला नायलॉनच्या दोऱ्याचा असेल तर कॅटफिशचा दातेरी काटा, आमिषाचे गळ आणि जाळी यांचा असा गुंता होतो की शेवटी जाळीच कापावी लागते. आणि तीनतोंडी गळांचे उलटे दाते पक्कडीनं चेपून टाका. लाईन ताणलेली असेपर्यंत मासा सहसा निसटत नाही, आणि गळ तुमच्या बोटात गेला तरी सरळ बाहेर येतो.

ओढाताण

बास लागला की लाईन वर येऊ लागते, मासा पृष्ठभागाकडे धावतो, डोकं झटकतो, उडी मारतो. कॅटफिश लागला की लाईनचा कोन खालीच राहतो. पहिली धाव लांब आणि एकसारखी असते. मग तो तळाशी जाऊन ठाण मांडतो. ओळख पटली की घाई सोडा.

रॉड उभा धरून डोक्यामागे नेऊ नका, टोकाशी तुटतो. रॉड आडवा, पाण्याला समांतर, माशाच्या धावेच्या उलट दिशेला धरा. बाजूनं आलेल्या ओढीनं त्याचं डोकं वळतं आणि डोकं वळलं की ताकद निम्मी. मासा धावत असेल तर ढील द्या, थांबला की रॉड हळूहळू मागे घ्या, पुढे नेताना लाईन गुंडाळा. ड्रॅग सुटत असताना स्पिनिंग रीलचं हँडल फिरवत राहणं ही नवख्यांची खास चूक. लाईन येत तर नाहीच, वर प्रत्येक फेऱ्याला पाच-सहा पीळ पडतात. बेटकास्टरवर (आडव्या फिरत्या चकरीच्या रीलवर) पीळ पडत नाही, पण हँडल मारण्यात तिथेही अर्थ नाही.

बोटीत असाल तर लाईनच्या वाटेतली ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवायची छोटी विजेची मोटर) उचला, आणि मासा लांब गेला तर बोट त्याच्याकडे न्या. काठावर असाल तर तुम्ही चाला. बुडालेल्या झाडाकडे निघालेल्या माशाला मात्र ढील देऊ नका. रीलवर अंगठा दाबून तुटेल तर तुटेल हा धोका तिथे पत्करायचा. झाडात गेलेला कॅटफिश तसाही परत येत नाही.

काठाशी आल्यावर तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि लाईन अंगाला गुंडाळून घेतो. तेव्हा लाईन सैल पडू देऊ नका. झेला आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून त्यात आणा. झेल्यानं त्याच्या मागे धावू नका. शेपटीला जाळी लागली की तो शेवटची उसळी मारतो आणि मोकळा लटकणारा गळ जाळीत रुततो. लाईनला धरून मासा उचलणं तर नकोच.

धरायचं कसं

बासला खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलायची सवय झालेला हात आपोआप तसाच पुढे जातो. थांबा. कॅटफिशचे धोक्याचे काटे तीन: एक पाठीवरच्या पराच्या पुढच्या कडेला, आणि कल्ल्यांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक. घाबरला की तो हे काटे ताठ उभे करून कुलूप लावल्यासारखे अडकवून ठेवतो. दाबून ते मिटत नाहीत. काट्यावरच्या त्वचेत विषाच्या पेशी असतात. मिशा मात्र निरुपद्रवी. मिशीनं डंख मारतो ही निव्वळ दंतकथा. आणि लहान मासा जास्त वाईट. मोठ्याचे काटे वापरून बोथट झालेले असतात, वीतभर पिल्लाचे सुईसारखे.

दीड-दोन किलोपर्यंतचा मासा असा धरा:

1. हात ओला करा, किंवा ओला रबरी हातमोजा घाला. कोरड्या हातानं त्याचा बुळबुळीत थर निघतो, तोच त्याचा जंतूंपासूनचा बचाव आहे.
2. मासा झेल्यातच पोटावर असू द्या. तळहात खालून पोटाला लावा आणि पुढे सरकवत न्या. अंगठा एका बाजूच्या काट्याच्या मागे आणि मधलं बोट दुसऱ्या बाजूच्या काट्याच्या मागे, अगदी बुडाशी टेकलं पाहिजे.
3. पकड घट्ट करा. आता काटे तुमच्या बोटांच्या पुढे आहेत आणि मासा मागे निसटू पाहील तर तेच त्याला अडवतात. पाठीचा काटा वरच्या बाजूला, हातापासून लांब राहतो.
4. तो वळवळला तरी पकड सोडू नका. हात ढिला पडला की मासा फिरतो, आणि काटा लागतो तो अशा वेळी.

त्याहून मोठा मासा एका हातात मावत नाही. हातमोजा घालून खालचा जबडा पकडा, दुसरा हात पोटाखाली द्या, आणि शक्यतो पाण्याबाहेर न काढताच काम उरका. जबड्यात टोकदार सुळे नसतात, पॉलिश पेपरसारख्या बारीक दातांच्या पट्ट्या असतात. मोठा फ्लॅटहेड चावला तर उघड्या अंगठ्याची साल सोलून निघते. कल्ल्यांत बोटं घालून कुठलाच मासा उचलू नये.

गळ काढणं

क्रँकबेटला दोन तीनतोंडी गळ असतात. एक माशाच्या तोंडात, दुसरा हवेत, आणि मासा फिरतोय. हात जखमी होतो तो बहुतेक या मोकळ्या गळानं. म्हणून पक्कडीनं आधी मोकळा गळ पकडा, तो तुमच्या हाताच्या उलट बाजूला वळवा, मगच रुतलेल्याकडे या. रुतलेल्या गळाला वाकाच्या जागी धरून, ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं उलटा ढकला. कॅटफिशच्या तोंडाची कातडी चिवट असते, ओढून निघत नाही; मनगट फिरवून निघतो.

सॉफ्ट प्लॅस्टिकचा किडा तो बऱ्याचदा गिळून बसतो. गळ घशाच्या पलीकडे दिसत असेल आणि मासा सोडायचा असेल तर उकरत बसू नका, लाईन तोंडाजवळ कापा. खोल गेलेला गळ ओढून काढण्यापेक्षा आत राहू दिलेला बरा, मासा जगण्याची शक्यता वाढते. ठेवायचा असेल तर साफ करताना गळ मिळेलच.

काटा लागला तर

दुखणं काट्याच्या आकाराच्या मानानं फारच जास्त असतं. जळजळ वर चढत जाते, सूज येते. जखम स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा, दिसणारा तुकडा चिमट्यानं काढा आणि हात गरम पाण्यात बुडवा. पाणी 40 ते 45 अंश सेल्सिअस, त्याहून जास्त नाही, आणि 30 ते 90 मिनिटं. उष्णतेनं विष निकामी होतं, कळ उतरते. पाण्याचा कढतपणा दुसऱ्या, न दुखणाऱ्या हातानं तपासा. दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. जखम सांध्याजवळ किंवा खोल असेल, तुकडा आत राहिल्याची शंका असेल, लाली पसरत असेल किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा, आणि ‘गोड्या पाण्यातल्या माशाचा काटा लागला’ हे शब्द सांगाच. पाण्यातल्या काही जंतूंना नेहमीची औषधं पुरत नाहीत.

सोडायचा की ठेवायचा

चुकून लागला म्हणून नियम सुटत नाहीत. ठेवलात की तो तुमच्या त्या दिवसाच्या मर्यादेत धरला जातो. काही ठिकाणी ठरावीक लांबीपेक्षा मोठा मासा एकच ठेवता येतो. नियमावली फोनमध्ये उतरवून न्या.

सोडायचा असेल तर पाण्यात आडवा धरा, आपल्या ताकदीनं निघाला की सोडा. खोल पाण्यातून आलेला बास बऱ्याचदा फुगलेला असतो, कारण हवेच्या पिशवीतली हवा त्याला पटकन काढता येत नाही. कॅटफिशच्या पिशवीला घशाकडे नळी असते, तो हवा सोडतो आणि सरळ खाली जातो. तो पाण्याबाहेर बासपेक्षा जास्त तग धरतो हे खरं, म्हणून फोटोसाठी पाच मिनिटं ताटकळत ठेवायचं कारण नाही. बासबरोबर एकाच लाइव्हवेलमध्येही (मासे जिवंत ठेवायच्या बोटीतल्या टाकीत) टाकू नका. काट्यांनी बास ओरबाडले जातात.

जिवंत मासा दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडणं मात्र कटाक्षानं टाळा. व्हर्जिनियातल्या जेम्स, रॅपहॅनक आणि यॉर्क नद्यांत 1970 आणि 80 च्या दशकांत ब्लू कॅटफिश सोडले गेले. ते चेसापीक उपसागराच्या इतर नद्यांत पसरले आणि आज तिथे ते उपद्रवी मानले जातात. मेरीलँडमध्ये तर हा मासा पकडला तर ठेवा, असंच लोकांना सांगितलं जातं.

खायला ठेवलात तर लगेच रक्त काढून बर्फात घाला. खवले काढायची कटकट नाही, पण कातडी पक्कडीनं सोलावी लागते. तुकड्याच्या मधोमध जाणारी लालसर पट्टी कापून टाका. मातकट वास बराचसा तिच्यात आणि चरबीत असतो. त्या पाण्यातले मासे किती खावेत याबद्दल राज्याच्या आरोग्य सूचना असतात, त्या वाचा. फार मोठ्या, म्हाताऱ्या माशांपेक्षा दीड-दोन किलोचे चवीलाही बरे.

पुढच्या फेकीआधी

आता बास पकडायचाय, तर आधी लाईन बघा. शेवटचा मीटरभर भाग दोन नखांमधून ओढा. त्या पॉलिश पेपरसारख्या दातांनी तो खरखरीत झालेला असतो. जिथवर खरखर लागते तिथवर कापा आणि गाठ नव्यानं मारा. पुढचा बास या घासलेल्या लाईनवर सुटला की लोक गाठीला दोष देतात. गळ सरळ झाला असेल, स्प्लिट रिंग (गळ आमिषाला जोडणारी कडी) उघडली असेल तर बदला, वाकवून परत वापरू नका. माशानं गरगर फिरून लाईनला पीळ पाडले असतील तर आमिष काढून तीसेक मीटर लाईन चालत्या बोटीमागे सोडा आणि बोटांच्या चिमटीतून परत गुंडाळा. आमिषावरचा बुळबुळीत थर धुऊन काढा.

कॅटफिश टाळायचाच असेल तर आमिष तळापासून अर्धा-एक मीटर वर आणा, वेग वाढवा, वासाचं प्लॅस्टिक काढून ठेवा, रंग बदलत बसू नका. रंगानं काही होत नाही. पण एखादा आला म्हणून लगेच जागा सोडणं घाईचं ठरेल. चॅनल आणि ब्लू शॅडच्या थव्याखाली फिरतात आणि त्याच थव्यावर बासही असतो. त्याच जागी थोड्या वरच्या थरात दहा-बारा फेकी टाकून बघा. त्यातही दुसरा कॅटफिशच आला, तर पाणी बासला नको तेवढं गढूळ आहे; तिथून उठा आणि स्वच्छ पाण्याचा ओढा जिथे मिळतो ते तोंड गाठा.